थोरली ज्या गाडीमागं धावली

अक्काचं आधी सांगतो. शोरूमचं सांगायला लागलो की माझं डोकं तापतं, मग सगळं बोलणं त्या लोकांवरच खर्ची पडतं आणि अक्का राहूनच जाते. असं पूर्वी झालंय. ऐकणारा शेवटी एवढंच विचारतो, "मग दिली का भरपाई त्यांनी?" दिली. पण ती अक्कामुळं दिली.

अक्का म्हणजे माझी घरमालकीण. कोल्हापुरात पंचगंगेच्या बाजूला, गवळ्यांच्या गल्लीत तिचा गोठा होता आणि गोठ्याला लागून एक खोली होती. त्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. तिचं माहेर शिरोळच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. त्यामुळं तिच्या बोलण्यात कानडी मिसळलेलं असायचं. मला ती 'तम्मा' म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ, जरी तिचा थोरला मुलगा माझ्याहून मोठा होता आणि लग्न करून पुण्याला गेला होता. म्हशींशी मात्र ती निव्वळ कानडीतच बोलायची. घरात दुसरे अण्णा, तिचे यजमान. कंबर गेल्यापासून ते बहुतेक वेळ बाजेवरच असत.

माझं गाव यवतमाळकडचं. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. गावातल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर इकडं आलो. तो दोन महिन्यांत परत गेला, मी राहिलो. बेकरीत भट्टीपुढं कामाला लागलो. पहिल्या दिवशी 'का?' म्हणायच्या जागी "काहून?" म्हणालो तर सगळी बेकरी हसली. पुढं वर्षभर मला तिथं 'काहून' हेच नाव पडलं होतं. "ए काहून, पाव काढ की!" मीही हसायचो. परक्या गावात हसून घेणं बरं असतं, असं मला तेव्हा वाटायचं.

मग मालकांनी मला लाइन दिली. लाइन म्हणजे खारी, टोस्ट, बटर गावोगावच्या दुकानांत पोचवायचं काम. माझी लाइन गडमुडशिंगीच्या बाजूची. त्यासाठी स्वतःची गाडी लागायची, म्हणून हप्त्यावर मोटारसायकल घेतली. काळी, लाल पट्ट्यांची. त्या वर्षी अर्ध्या कोल्हापूरकडं तीच गाडी होती. गाडी आहे तोवर लाइन आहे, लाइन आहे तोवर मी कोल्हापुरात आहे, एवढं साधं होतं ते. गाडी गेली तर परत गावी, दुसऱ्याच्या वावरात रोजानं. आईला मी पत्रातून कळवलं होतं की माझं बस्तान बसलंय. तिनं ते गावभर सांगितलं होतं.

आता म्हशीचं. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. म्हशीला धुऊनपुसून, शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून मिरवणुकीत आणतात. मालक मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस मोकळी मागं. दोरी नाही, काठी नाही. एवढ्या गर्दीत, सायलेन्सरच्या पुंगळ्या काढलेल्या गाड्यांच्या एवढ्या फटफटाटात, म्हैस आपल्याच मालकाच्या गाडीमागं धावते. मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. मग डोळ्यांनी पाहिलं आणि गप्प बसलो.

हे पाडव्याच्या दिवशी आपोआप होत नाही. आधी कित्येक महिने सवय लावावी लागते. अण्णांची गाडी त्यांच्या कमरेबरोबरच बंद पडली होती, म्हणून त्या वर्षी अक्कानं माझी गाडी धरली. रोज पहाटे लाइनवर जायच्या आधी मी गल्लीतून हळूहळू गाडी चालवायचो आणि मागून थोरली यायची. थोरली म्हणजे अक्काची सगळ्यात वयानं मोठी, मानी म्हैस. फेरी झाली की कॅरिअरला बांधलेली पेंड तिच्यापुढं सोडायची. महिनाभरात असं झालं, की संध्याकाळी मी लाइनवरून परतताना गाडी अजून कोपऱ्यावर असायची आणि इकडं थोरली उठून हंबरायला लागायची. गल्लीत त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या आणखी दोन गाड्या होत्या. त्यांच्याकडं ती ढुंकूनही बघायची नाही. काय ऐकायची कोण जाणे. मला तर तिन्ही गाड्यांचा आवाज एकच वाटायचा.

दसरा झाला आणि फ्री सर्व्हिसिंगची वेळ आली. एका सकाळी मी गाडी स्वच्छ पुसून शोरूमला नेऊन दिली. संध्याकाळी या म्हणाले. संध्याकाळी गेलो, तर गाडी मागच्या आवारात भिंतीला टेकवून ठेवलेली. टाकीला उजवीकडं मूठ बसेल एवढा पोचा. हँडल वाकडं. फुटरेस्ट वर वळलेला. इंजिनच्या बाजूचं झाकण तडकलेलं आणि खाली ऑइलचं डबकं.

मॅनेजरकडं गेलो. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय, बोलणं एकदम गोड.

"साहेब, माह्या गाडीले काय झालं?"

"काय झालं? सर्व्हिसिंग झालं."

"टाकी दबली ना जी. सकाळी चांगली होती."

त्यानं बाहेर येऊन गाडी पाहिली. पाहण्याचं नाटक केलं म्हणा. "हे असंच आणलं होतं तुम्ही. नुसते ओरखडे आहेत. आमच्याकडं गाडी गेटच्या बाहेर जात नाही, ट्रायलसुद्धा आवारातच घेतो. पडणार कुठं?"

मी तेच तेच सांगत राहिलो. सकाळी चांगली होती, मी स्वतः पुसली होती. त्यानं विचारलं, "गाडी वापरता कशी तुम्ही?" मी भाबडेपणानं खरं सांगून टाकलं. दिवसभर लाइनवर असते अन् पहाटे म्हशीपुढं चालवतो. झालं! काउंटरवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "ऐकलं का? गाडी म्हशीपुढं चालवतात! अहो, मग म्हशीनंच दिली असणार धडक. आमच्या वॉरंटीत म्हैस बसत नाही."

सगळे हसले. गाडी घ्यायला आलेलं एक जोडपंही हसलं.

मग त्यानं गाव विचारलं. सांगितलं. "एवढ्या लांबनं पोट भरायला आलाय, तर नीट राहावं माणसानं. कशाला भांडणं उकरून काढता?"

भांडण मी उकरत होतो! गाडी माझी मोडली आणि भांडखोरही मीच. हप्ते मीच भरायचे, त्यांच्या दारात तासभर उभंही मीच राहायचं, आणि वर माझं गाव लांब आहे हा माझाच गुन्हा. यवतमाळच्या माणसाची टाकी आपोआप दबते का? आज लिहितानासुद्धा कानशिलं गरम होतात. पण त्या संध्याकाळी मी एक शब्दही उलटा बोललो नाही. गाडी तिथंच सोडली, आधी बेकरीत गेलो आणि मालकांना सांगितलं. ते वाईट नव्हते, पण दिवाळीचा माल तोंडावर आला होता. "दोन दिवस बघतो. गाडी न्हाय तर लाइन दुसऱ्याला द्यावी लागंल, लेका. माझा बी धंदा हाय."

घरी चालत आलो. गाडीचा आवाज नाही म्हणून थोरली बसूनच होती. अक्का धार काढत होती. मान न वळवता म्हणाली, "गाडी कुठं हाय रं, तम्मा?"

मी सांगायला लागलो आणि मध्येच रडायला आलं. अक्कानं चरवी बाजूला ठेवली.

"निळी कापडं घालतात का रं तिथली माणसं?"

"मेकॅनिक घालतात. काहून?"

"आज दुपारी नदीवरनं येताना थोरली हातातनं सुटली की माझ्या! मला वाटलं, तूच आलास. मागनं पळत गेलो तर वळणावर एक निळ्या कापडातला बाप्या पडलेली गाडी उचलत हुता आणि ही त्याच्या बोकांडी उभी. मी लांबनं बोंबललो, 'मारत न्हाय ओ ती!' तर गडी तशीच गाडी ढकलत सुटला. गाडीचा आवाज बंद म्हटल्यावर ही बी फिरली माघारी."

कोल्हापुरात बायकाही 'मी गेलो, मी आलो' म्हणतात. त्याची एव्हाना मला सवय झाली होती. पण ती काय सांगतेय हे कळायला जरा वेळ लागला. गाडी बाहेर गेली होती. नदीच्या रस्त्याला गेली होती, आणि रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांतून थोरलीनं ती ओळखली होती.

बाजेवरून अण्णा म्हणाले, "थोरली दुसऱ्या गाडीमागं जाणारच न्हाय." जणू एवढ्यावर निकाल लागला.

"अक्का, जाऊ दे," मी म्हणालो. "मी परका माणूस. त्यांच्याशी कुठं वैर घेऊ?"

"परका?" अक्का खवळलीच. "माझ्या खोलीत राहतोस, माझं दूध पितोस, माझी म्हस तुझ्या मागनं पळती आणि परका व्हय? आणि काल-परवा आलेला तो टायवाला मोठा घरचा!"

सकाळी उठलो तर अक्का पदर खोचून दारात उभी. हातात थोरलीची दोरी.

"चल, गाडीचं बघून येऊ."

"म्हशीला कशाला?"

"तिनं बघितलंय न्हवं समदं? मी कुठं नीट बघितलंय?"

आख्ख्या गावातून आम्ही म्हैस घेऊन चालत गेलो. मी मान खाली घालून मागं मागं. मला लाज वाटत होती आणि भीतीही. आता हे लोक पोलीस बोलावणार, मालकांना कळणार, लाइन जाणार, हेच डोक्यात.

शोरूमच्या दाराशी वॉचमन आडवा आला. "ओ मावशी, म्हस आत न्यायची न्हाय."

"मग तुझ्या सायबाला भाईर आण."

तोपर्यंत गाड्या घेऊन आलेले पाच-सहा जण जमले होते. मॅनेजर आला. मला पाहून त्याचं तोंड आंबट झालं, पण बाईमाणूस पाहून त्यानं आवाज गोड केला. "काकी, यांना काल सगळं समजावून सांगितलंय. गाडी गेटबाहेर गेलेलीच नाही. नुसते ओरखडे आहेत."

"मग काल दुपारी माझी म्हस कुणाच्या मागं पळाली?"

"ते म्हशीला विचारा."

"विचारायलाच आणलीया."

लोक हसले. या वेळी त्याला हसले. गगनबावड्याकडचा एक माणूस होता, मळकी टोपी घातलेला. तो पुढं झाला. "अक्का, पाडव्याला पळवता व्हय हिला?" अक्कानं मान हलवली. झालं, तो मॅनेजरकडं वळला. "मग साहेब, सोपं हाय की. एकेक गाडी चालू करा. दुसऱ्या गाडीला हलली तर अक्का गप घरला जाईल. बरोबर हाय का न्हाय, पावणं?" हे शेवटचं मला.

मी कशीबशी मान हलवली.

मॅनेजर म्हणाला, "हे शोरूम आहे, तमाशा नाही." पण त्याचं कोण ऐकतंय? जमलेल्यांनी आपापल्या गाड्यांना किका मारायलाही सुरुवात केली होती. अक्का थोरलीला घेऊन मुद्दाम आवाराच्या भिंतीबाहेर, गाड्या दिसणार नाहीत अशा जागी उभी राहिली. एक गाडी सुरू झाली. थोरली रवंथ करत होती. दुसरी. तिसरी तर माझ्याच मॉडेलची. थोरलीनं शेपटीनं माशी हाकलली.

"आता ती लावा," टोपीवाला माझ्या गाडीकडं बोट करून म्हणाला.

"ती नको," मॅनेजर घाईनं म्हणाला. "ऑइल गळतंय, इंजिन जाईल."

"आँ? मगाशी तर नुसते ओरखडे म्हणालासा न्हवं?" टोपीवाल्यानं विचारलं.

मी गाडीपाशी गेलो. पहिली किक वाया गेली. दुसरीला इंजिन उठलं, खरखरत, दुखणाईत माणसासारखं. मला तर तो माझ्याच गाडीचा आवाज वाटला नाही. मनात आलं, संपलं. आता हिलाही ओळखू येणार नाही.

भिंतीपलीकडून हंबरणं आलं, आणि लगोलग अक्काची हाक, "निल्लू! निल्लू!" म्हणजे थांब. थोरली थांबते कुठली! दोरीसकट आवारात शिरली. क्रोटनची एक कुंडी गेली, नव्या गाडीचा कागदी फलक गेला. माझ्यापाशी येऊन तिनं कॅरिअर हुंगलं, पेंड नाही म्हणून मला ढुशी दिली.

लोकांनी टाळ्या पिटल्या. पण खरी गोष्ट टाळ्यांनी झाली नाही. मागच्या बाजूला निळ्या कपड्यांतला एक मेकॅनिक होता, चांगला भरघोस मिशांचा, दोन पोरांचा बाप वाटावा असा. थोरली आत आली तसा तो उलटा पळत सुटला आणि सरळ स्पेअर पार्टच्या काउंटरवर चढून बसला.

"आली की ओ परत! हीच ती! आवरा तिला!"

मग टोपीवाल्यानं शांतपणे विचारलं, "परत म्हंजे? आधी कवा आलती?"

"मी नुसता डबा आणायला गेलतो ओ घरला!" काउंटरवरून तो म्हणाला. "मागं बघतोय तर ही! दीड टनाचं धूड अंगावर आल्यावर माणूस पडंल न्हाय तर काय करंल?"

"दीड टनाची असती तर माझ्या दारात हत्ती म्हणून बांधली असती," अक्का म्हणाली. "उतर खाली. मारत न्हाय ती, कालच सांगितलंतं."

इतकं झाल्यावर तरी माणसानं सरळ व्हावं ना? नाही! मॅनेजर मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणतो, "बघा, म्हैस तुमचीच होती. तेव्हा अर्धं आम्ही करू, अर्धं तुम्ही."

तेव्हा माझ्या आत काहीतरी तुटलं. त्या गावात मी पहिल्यांदा ओरडलो. "अर्धी पाडली काय तुमी? सगळी पाडली ना! सांगून नेली होती का माही गाडी, डबा आणाले?"

माझा आवाज फाटला होता आणि बोली पार गावाकडची झाली होती. पण कुणी हसलं नाही. टोपीवाला म्हणाला, "बरोबर बोलतंय पोरगं. भरून द्या की."

"भरून द्या," बाकीचेही म्हणायला लागले. दोघा-तिघांनी तर आपल्या गाड्या आधी बाहेर काढून द्या म्हणून सांगितलं, कुणाचा डबा आणायला जायच्या आत.

त्यावर मात्र वरच्या काचेच्या केबिनमधून खुद्द मालक खाली आले. नवी टाकी, नवं हँडल, इंजिनचं झाकण, सगळं शोरूमच्या खर्चानं कबूल केलं. अक्का तेवढ्यावर हलली नाही. "आणि तवर ह्यानं खारी काय डोक्यावर न्यायची?" म्हणून गाडी दुरुस्त होईपर्यंत शोरूमची एक गाडी दिली. मी तिच्यावरूनच बेकरीत गेलो. लाइन राहिली.

मालक जाताना अक्काला हात जोडून म्हणाले, "काकी, चुकलं आमच्या माणसाचं." आणि माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "काय, खूश ना आता?"

खूश! हा शब्द मी अजून गिळू शकलेलो नाही. गाडी माझी होती. आदल्या संध्याकाळी तासभर तेच सत्य मी सांगत होतो, मराठीतच सांगत होतो. ते कुणाला ऐकू आलं नाही, आणि मुक्या जनावरानं दोरी ओढली तेव्हा सगळ्यांना पटलं. माफी मागायची तर माझी मागायची होती. भरपाई मिळाली, पण ती माझ्या तोंडाकडं बघून कुणी दिली नाही. टाळ्या पिटणाऱ्यांचाही मला थोडा राग होता, खरं सांगतो. अक्का नसती तर त्यातले निम्मे कालच्यासारखे हसले असते.

परत येताना अक्का थोरलीला शिव्या देत होती, कुंडी फोडली म्हणून. मग मला म्हणाली, "काल असा का न्हाय ओरडलास? आवाज तर हाय की तुला."

पाडव्याला, दुरुस्त होऊन आलेल्या माझ्याच गाडीवर, मी पुढं आणि थोरली मागं असे आम्ही पळालो. त्या शोरूमवरून मुद्दाम गेलो, अक्काचाच हट्ट. मिशावाला दारात होता. त्यानं लांबूनच थोरलीला नमस्कार केला.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. मी कोल्हापुरातच आहे, माझ्या स्वतःच्या दोन लाइनी आहेत. त्या दिवाळीत मी अक्काला लुगडं नेऊन दिलं तर तिनं ते माझ्याच आईला पाठवायला लावलं. पुढं भाड्याबरोबर जरा जास्त ठेवायला गेलो तर तिनं ते माझ्याच अंगावर परत फेकलं. अण्णा गेले. थोरली म्हातारी होऊन त्याच गोठ्यात गेली. गल्लीत चारी बाजूंनी इमारती उठल्या, वासाच्या तक्रारी सुरू झाल्या, मुलानं एकेक करून म्हशी विकायला लावल्या. परवा भेटायला गेलो तर अक्का रिकाम्या दावणीशी बसून पिशवीतल्या दुधाला नावं ठेवत होती. मी गाडी बंद केली तर म्हणाली, "आवाज ओळखला मी. पर उठून हंबरायला कोण न्हाय बघ आता."

मनात आलेलं मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं हाकलून दिलं असतं. पण गडमुडशिंगीच्या पुढं, लाइनवरच्या एका दुकानदाराच्या मळ्यात मी थोडी जागा बघून ठेवलीय. तिथं वासाची तक्रार करायला कुणी नाही. अक्का, आज ना उद्या तिथं तुझ्यासाठी म्हैस बांधीन. नुसती आणून बांधणार नाही. आधी तिला माझ्या गाडीमागं पळायची सवय लावीन, आणि मगच तुला न्यायला येईन, पाडव्याच्या सकाळी, ती मागं मोकळी धावत असताना.